डॉक्टर आनंदीबाई जोशी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असा मैत्रिणींचा आग्रह झाला. मी काही लेखिका नव्हे. परंतु आनंदीबाई जोशी यांचे नाव मनात आले आणि पाठोपाठ माझी धाकटी आत्या आठवली.

मुखेड तालुक्यातील आमचे गाव. आत्या बाळंतपणाला माहेरी आली होती. श्रावणातली रात्र, ओढ्याला पूर, बैल काही पाण्यात उतरेनात. पहाटे पाणी ओसरले, तेव्हा गाडी जुंपण्याचे कारणच उरले नव्हते. मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते. पुढे शाळेत आनंदीबाईंची गोष्ट ऐकली, तेव्हा ती मला आमच्याच घरची वाटली.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणच्या जोशांचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोपाळराव पोस्टात नोकरीला, वयाने पुष्कळ मोठे, बिजवर. बायकोला शिकवावयाचे हा त्यांचा ध्यास. मात्र शिकविताना ते फार कठोर होत.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. योग्य उपचार न मिळाल्याने तो अवघा दहा दिवस जगला. त्या काळी परपुरुषाला नाडी दाखविण्याची बायकांना लाज वाटे, आणि स्त्री डॉक्टर तर आपल्या देशात जवळजवळ नव्हतीच. म्हणजे वाटेत पूर नसूनही वाट अडलेलीच! आपणच डॉक्टर व्हावयाचे, असे त्या मुलीने मनाशी ठरविले.

लोकांनी नावे ठेवली. तेव्हा १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर या बंगालमधील गावी त्यांनी जाहीर सभेत आपला हेतू सांगितला. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे आश्वासनही दिले. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाजात बसल्या. वय अठरा; गोपाळराव बरोबर नव्हते. न्यू यॉर्कला कार्पेंटरबाईंनी त्यांना उतरवून घेतले आणि लेकीसारखे वागविले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. तिथली थंडी कडाक्याची, आहार शाकाहारी, प्रकृती आधीच नाजूक. तरीही अभ्यास सोडला नाही. प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्राचा. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. पण क्षयाने पोखरलेला देह घेऊनच त्या परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या बायकांना त्यांचा हात लागलाच नाही.

त्यांच्यामागून मात्र कितीतरी मुली त्या वाटेने गेल्या. आज नांदेडला आणि लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १०८ क्रमांक फिरविला की गाडी येते. तरीदेखील किनवटच्या डोंगरातले तांडे आणि नदीकाठच्या वाड्या पावसाळ्यात तुटतात. शिवाय कितीतरी सुना दुखणे सांगतच नाहीत. आणि न सांगितलेल्या दुखण्याकडे कोणती गाडी धावणार?

म्हणून भगिनींनो, एक विनंती आहे. आपल्यापैकी बहुतेकींचे सासर किंवा माहेर खेड्यात आहे. तिथली कोणी लेक-सून गरोदर असेल आणि दिवस पावसाळ्यात भरत असतील, तर तिला पंधरा दिवस आधीच आपल्या घरी आणून ठेवावे. एक अंथरूण जास्त घालावे लागेल, इतकेच. आमच्या आत्यासाठी शहरात असे एखादे घर असते, तर ती आज तिच्या नातवंडांत बसलेली दिसली असती.