बांधून न ठेवणारा डॉक्टर

अल्झायमर हा शब्द आता आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. तो एका डॉक्टरचे आडनाव आहे. या डॉक्टरने आजाराचा शोध लावण्याआधी रुग्णांना सांभाळण्याची रीतही बदलायला घेतली होती.

आलोइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील मार्क्टब्राइट या गावी झाला. १८८८ च्या डिसेंबरात ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. रुग्ण आवरेनासा झाला की त्याला बांधून किंवा कोंडून ठेवायचे, ही त्या काळची सर्रास पद्धत. रुग्णालयाचे प्रमुख एमिल सिओली यांना ती मान्य नव्हती. त्यांनी आणि अल्झायमर यांनी बांधण्याऐवजी सतत लक्ष ठेवणे, अस्वस्थ रुग्णाला बराच वेळ कोमट पाण्यात बसवणे, बाहेर फिरायला नेणे असे उपाय रूढ केले. अल्झायमर रुग्णांशी स्वतः बोलत, त्यांची उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवत आणि उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकापाशी घालवत.

१९०१ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई रुग्णालयात दाखल झाली. ती नवऱ्यावर विनाकारण संशय घेई, स्वयंपाकात चुका करी, वस्तू लपवून ठेवी. दाखवलेल्या वस्तू थोड्याच वेळात तिच्या ध्यानातून जात.

१९०३ मध्ये अल्झायमर यांनी फ्रँकफर्ट सोडले, पण तिची विचारपूस थांबवली नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. तिच्या मेंदूत त्यांना पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे दिसले. नोव्हेंबरात ट्युबिंगनच्या सभेत त्यांनी हे मांडले, तेव्हा कुणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला त्यांचे नाव दिले. १९ डिसेंबर १९१५ रोजी, ५१ व्या वर्षी, अल्झायमर यांचे निधन झाले.

ऑगस्टेचा शेवट मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. अंथरुणाला खिळल्याने पाठीला जखमा झाल्या आणि त्यांतून जंतुसंसर्ग शरीरभर पसरला. अशा जखमा आजही होतात. अंग वेळोवेळी कुशीवर वळवणे, त्वचा कोरडी ठेवणे आणि पुरेसा आहार यांनी त्यातल्या बऱ्याच टाळता येतात.

२०२३ मधील एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. कोरेगावात आई-वडील आणि पुण्या-मुंबईत मुले, अशा घरांना कधीतरी निवासी केंद्राचा विचार करावा लागतो. केंद्र पाहायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा माणसांकडे पाहा. रात्रपाळीला किती जण असतात? कुशी बदलल्याची नोंद ठेवतात का? मोकळेपणी फिरायला सुरक्षित जागा आहे का? घरच्यांना न कळवता येता येते का? आणि रुग्णाला बांधतात का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आरोग्य संस्थांना शिक्षा म्हणून किंवा केवळ माणसे कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधण्याची मनाई केली आहे. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना केंद्रचालक अडखळला, तर दुसरे केंद्र शोधावे.