भारुडाची शाळा भरवणारे नाथमहाराज



संत एकनाथांचे नाव आपल्या जिल्ह्यात कोणाला माहीत नाही? पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. शहरात उस्मानपुऱ्यात नाटकाचे थिएटर आहे, त्याचेही नाव संत एकनाथ रंगमंदिर. जलाशयाला संताचे नाव दिले हे समजते, पण नाटकाच्या थिएटरला का? मी गुरुजींना विचारले, आजीलाही विचारले. जे कळले ते इथे लिहीत आहे.

एकनाथांचा जन्म इ. स. १५३३ च्या सुमारास पैठणला झाला. संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईवडील लवकर वारले, म्हणून आजीआजोबांनी त्यांना वाढवले. लहान वयातच ते देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडे शिकायला गेले. तिथे ते हिशेबही लिहीत. एकदा एका पैची चूक सापडेना, तर रात्रभर जागून त्यांनी ती शोधून काढली, अशी गोष्ट सांगतात.

पुढे पैठणला येऊन त्यांनी संसार केला. त्यांच्या पत्नीचे नाव गिरिजाबाई. नाथांनी एकनाथी भागवत हा मोठा ग्रंथ १५७३ साली काशीत पुरा केला. ज्ञानेश्वरीच्या नकला करता करता तिच्यात चुका शिरल्या होत्या. त्या काढून १५८४ साली त्यांनी शुद्ध प्रत तयार केली.

पण त्या काळी पोथ्या हाताने लिहायच्या, आणि वाचता येणारे थोडेच. दिवसभर रानात राबणाऱ्या बायामाणसांनी शिकायचे कसे? त्यांच्यासाठी नाथांनी भारुडे रचली. भारुडे आधीही होती, पण नाथांनी ती शेकड्यांनी केली. भारूड म्हणजे गाणे आणि सोंग एकत्र. टाळ, मृदंग, चिपळ्या, एवढेच सामान. पडदा नको, तिकीट नको. देवळापुढची जागा झाडली की झाले थिएटर तयार!

वासुदेव, जोशी, गोंधळी, गारुडी अशी दारावर येणारी माणसे भारुडात बोलतात. ज्यांना त्या काळी अस्पृश्य मानून गावाबाहेर ठेवले होते, तेही नाथांच्या भारुडात साऱ्या गावाला शहाणपण सांगतात. विंचवाच्या भारुडात विंचू चावलेला माणूस ओरडतो, तेव्हा लोक पोट धरून हसतात. मग कळते, की हा विंचू म्हणजे आपल्याच मनातला काम आणि क्रोध. दुसऱ्या एका रचनेत एक हिंदू आणि एक मुसलमान कडाकडा भांडतात आणि शेवटी एकमेकांना मिठी मारतात. हसता हसता शिकवायचे, ही नाथांची रीत.

जे सोंगातून सांगितले तेच नाथांनी घरीही केले. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारे अस्पृश्य मानलेल्या घरचे मूल त्यांनी कडेवर उचलून घरी पोचवले, असे सांगतात. श्राद्धाचे जेवण त्यांनी आधी भुकेल्या अस्पृश्यांना वाढले, म्हणून गावातल्या मोठ्या लोकांचा राग ओढवून घेतला, हीही गोष्ट सगळे सांगतात. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी देह ठेवला. नाथषष्ठीला पैठणला अजूनही मोठी यात्रा भरते.

आता मला पालकांशी थोडे बोलायचे आहे. नाटकात गेले की अभ्यास बुडतो, आणि मुलींनी तर स्टेजवर उभेच राहू नये, असे अजून काही घरांत म्हणतात. पण भारुडाची कडवी पाठ करायची तर आधी नीट वाचावी लागतात. चार माणसांत मोठ्याने बोलायची भीती मोडते. आणि दुसऱ्याचे सोंग घ्यायचे म्हणजे त्याचे दुःखही समजून घ्यावे लागते. ज्याने एकदा गारुड्याचे काम मनापासून केले, तो दारी आलेल्या गारुड्याला हिडीसफिडीस कसा करील? हे गणिताच्या पुस्तकातून शिकता येत नाही.

थिएटरला नाथांचे नाव का, ते मला आता समजले आहे. नाथांसारख्या संताने सोंगातून गाव शिकवले, मग ते काम हलके कसे? म्हणून विनंती, की शाळेत भारूड बसवायचे ठरले तर आम्हाला तालमीला पाठवा. मुलांना पाठवा, आणि मुलींनाही पाठवा.

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी