कविवर बनारसीदास : एका श्रावकाचा संसार

समयसार नाटक या ग्रंथामुळे कविवर बनारसीदास यांचे नाव स्वाध्यायाची आवड असणाऱ्या श्रावकांस परिचित आहे. कुंदकुंदाचार्यांचा समयसार व त्यावरील अमृतचंद्राचार्यांचे कलश यांचा गहन आशय त्यांनी सामान्य गृहस्थाला समजेल अशा भाषेत आणला. परंतु हा अध्यात्मकवी आयुष्यभर व्यापारी होता, कापड आणि जवाहीर घेऊन गावोगाव फिरत होता, त्याने तीन वेळा संसार मांडला आणि तो नऊ अपत्यांचा पिता होता, ही गोष्ट तितकीशी लक्षात घेतली जात नाही.

संवत १६४३ मध्ये, म्हणजे सम्राट अकबराच्या कारकिर्दीत, जौनपूर येथे श्रीमाळ कुळात त्यांचा जन्म झाला. वडील खरगसेन हे जवाहिराचे व्यापारी होते. पुत्रप्राप्तीसाठी खरगसेन रोहतकच्या सतीच्या यात्रेस निघाले असता वाटेत चोरांनी त्यांना लुटले आणि अंगावरच्या वस्त्रांनिशी ते घरी परतले. मुलाचे पाळण्यातील नाव विक्रमाजीत असे होते. पुढे काशीस पार्श्वनाथांच्या दर्शनास नेले असता ते बदलून बनारसीदास ठेवण्यात आले. अकराव्या वर्षी खैराबादच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. नववधूने उंबरठा ओलांडला त्याच दिवशी घरात एका बहिणीचा जन्म झाला व वृद्ध आजीचे निधनही झाले. सुख आणि शोक एकाच दारातून येण्याचा हा प्रकार त्यांच्या आयुष्यात पुढेही घडत राहिला.

जौनपूरच्या सुभेदाराने एकदा शहरातील सर्व जवाहिऱ्यांना कोंडून फटके मारविले. सुटका होताच ही मंडळी कुटुंबांसह परागंदा झाली. त्या निर्वासित अवस्थेत बालक बनारसीने कवड्यांचा लहानसा व्यापार केला व पहिली कमाई आजीच्या हाती ठेवली. तिने त्या पैशांची मिठाई वाटली. मात्र हाच मुलगा चौदाव्या वर्षी प्रेमाच्या नादी लागला, वडिलांच्या संग्रहातील माणके चोरू लागला आणि शृंगाररसाने ओथंबलेली हजार पद्यांची एक रचना करून बसला. पुढे सासुरवाडीस असताना अंगभर व्रण उठून ते इतके आजारी पडले की जवळ येण्यास कोणी धजेना, तेव्हा पत्नी व सासू या दोघींनीच त्यांची शुश्रूषा केली.

इ. स. १६०५ मध्ये अकबराच्या निधनाची वार्ता जौनपूरला पोहोचली. जिन्यावर बसलेले बनारसीदास ती ऐकताच घेरी येऊन कोसळले व त्यांचे डोके फुटले. शहरात दुकाने बंद झाली, लोकांनी दागदागिने पुरून टाकले आणि श्रीमंतांनीही जाडीभरडी वस्त्रे नेसली. जहांगीर गादीवर आल्याचे कळले तेव्हा कुठे बाजार उघडला. याच काळात एके दिवशी गोमतीच्या पुलावर मित्रांसह बसले असता आपली ती शृंगारिक पोथी त्यांनी नदीत फेकून दिली. मित्र हळहळले, परंतु वडिलांना झालेला आनंद मोठा होता. त्यानंतर त्यांचे नित्य पूजन, सामायिक व प्रतिक्रमण सुरू झाले.

संवत १६६७ मध्ये खरगसेनांनी मालाची यादी करून मुलाच्या हाती दिली : काही जवाहीर, २० मण तूप, दोन बुधले तेल आणि २०० रुपयांचे जौनपुरी कापड. यातील काही माल उधारीचा होता. तो गाड्यांवर लादून बनारसीदास आग्र्यास निघाले. वाटेत इटाव्याजवळ मुसळधार पावसात आसरा मिळेना, तेव्हा चौकीदारांच्या झोपडीत एका खाटेखाली त्यांनी रात्र काढली. आग्र्यात बाजाराचे ज्ञान नाही, भाव ठाऊक नाहीत, अशी स्थिती होती. काही रत्ने इजारीच्या नाडीत बांधली होती, ती नाडी तुटून पडली. काही पुडीत ठेवली होती, ती उंदरांनी पळविली. कापडही धड फायद्यात गेले नाही. वडिलांच्या कानी हे पडले तेव्हा घरात काय आकांत झाला असेल, हे उधारीवर मुलाला पहिले दुकान घालून देणाऱ्या कोणत्याही पित्यास कळेल.

त्या दिवसांत एक कचोरीवाला त्यांना उधारीवर खाऊ घालीत असे. रात्री ते आपल्या बिऱ्हाडी मधुमालती व मृगावती या कथा वाचीत आणि दहावीस माणसे ऐकावयास जमत. त्यांतच हा कचोरीवालाही असे. आपल्यापाशी काहीच नाही, उधारी थांबवावी, असे बनारसीदासांनी त्याला एके दिवशी स्वतःहून सांगितले. त्याने मात्र वीस रुपयांपर्यंत खुशाल खावे, असा दिलासा दिला. सहासात महिन्यांचा हिशेब १४ रुपये झाला आणि हाती पैसा येताच बनारसीदासांनी तो चुकता केला.

पुढे भागीदारीत दोन वर्षे राबूनही नफा व खर्च यांची तोंडमिळवणी झाली आणि हात रिकामेच राहिले. खैराबादला गेल्यावर पत्नीने जवळ साठवलेले २० रुपये त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि आईकडून गुपचूप २०० रुपये मिळवून दिले. त्या भांडवलावर त्यांनी पुन्हा कापड व मोती खरेदी केले. नवऱ्याने सर्व बुडविले असताना एक शब्दही न दुखविणाऱ्या या स्त्रीचे नाव मात्र पुढील पिढ्यांस ठाऊक नाही.

व्यापारी प्रवास त्या काळी जिवावरचाच होता. पाटण्याच्या वाटेवर रात्री चुकून ते दोन सोबत्यांसह चोरांच्या गावात शिरले. प्रसंगावधान राखून बनारसीदासांनी चोरांच्या म्होरक्यास संस्कृत श्लोक म्हणून आशीर्वाद दिला. रात्रीतून कापडाचे सूत उसवून जानवी केली आणि मातीचे टिळे लावून तिघे ब्राह्मण बनले. सकाळी त्याच म्होरक्याने त्यांना वाटेस लावून दिले! परमस्नेही नरोत्तमदास व सबलसिंह नावाचे धनिक यांच्याशी असलेला भागीदारीचा हिशेबही असाच लांबला. हे शेठजी गाण्याबजावण्यात दंग असल्याने त्यांना महिनोन्‌महिने सवडच मिळेना. शेवटी मध्यस्थाने तो मिटविला.

याच सुमारास खैराबादहून एक पत्र आले. पत्नी बाळंत होऊन मुलगा गेला, पाठोपाठ तीही गेली आणि तिच्या धाकट्या बहिणीशी सोयरीक ठरली, असा तिन्ही गोष्टींचा मजकूर त्या एकाच पत्रात होता. दुसरी पत्नीही टिकली नाही. संवत १६७३ मध्ये पितृछत्र हरपले. त्याच सुमारास आग्र्यात गाठीचा ताप पसरला आणि लोक शहर सोडून पळाले.

संवत १६८० मध्ये राजमल्लांच्या टीकेसह समयसार त्यांच्या हाती आला. आत्मा शुद्धच आहे एवढेच मनात धरून त्यांनी सर्व क्रिया सोडून दिल्या आणि देवापुढील नैवेद्यही खाऊ लागले. खोलीचे दार लावून चार मित्र वस्त्रे टाकून मुनी झाल्याचे सोंग करीत. समाजाने बोल लावला आणि तो योग्यच होता. संवत १६९२ मध्ये पांडे रूपचंद आग्र्यास आले व त्यांनी गोम्मटसाराचे विवेचन केले, तेव्हा गुणस्थानानुसार क्रियेचेही स्थान असते हे बनारसीदासांना उमगले आणि मनाचा गोंधळ शमला. पुढच्याच वर्षी समयसार नाटक पूर्ण झाले.

सात मुलगे व दोन मुली झाल्या, परंतु एकही जगले नाही. संवत १६९६ मध्ये उरलेला एकुलता मुलगाही गेला. आत्मा व देह यांचा भेद ज्याने इतक्या सुगमपणे समजाविला, तो पिता दीर्घकाळ शोकातून सावरला नाही आणि ही गोष्ट त्याने लपविलीही नाही. दोनच वर्षांनी, संवत १६९८ (इ. स. १६४१) मध्ये, त्यांनी आपले आत्मचरित्र लिहून पूर्ण केले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षे मानून पंचावन्नाव्या वर्षी लिहिलेल्या या चरित्रास त्यांनी अर्धकथानक असे नाव दिले. चोरी, आजार, बुडालेला माल व मुनीचे सोंग, सारे त्यात आहे. शेवटी आपले गुण आणि दोष जमाखर्चाप्रमाणे मांडले आहेत. क्षमा, संतोष व गोड वाणी जमेस धरली. धनाचा लोभ, लाभाने हर्ष व हानीने खेद, उगाच घाबरणे आणि एकांत मिळताच नाचू लागणे हे नावे टाकले.

यानंतर ते फार काळ जगले नाहीत. त्यांच्या स्फुट रचना जगजीवन नावाच्या आग्र्याच्या श्रावकाने बनारसीविलास या नावाने एकत्र केल्या. अर्धकथानक मात्र दीर्घकाळ हस्तलिखितांतच राहिले. पंडित नाथूराम प्रेमी यांनी इ. स. १९४३ मध्ये मुंबईहून ते छापून प्रसिद्ध केले.