पतंगाच्या दोरीला कॅमेरा बांधणारे हेन्री वेलकम

पतंग म्हटला की आम्हां बडोदेकरांना उत्तरायण, गच्ची आणि काटाकाटी आठवते. त्याच पतंगाकडून एका धनाढ्य गृहस्थाने पुरातन वस्तीची पाहणी करून घेतली, ही हकीकत मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. गृहस्थाचे नाव हेन्री वेलकम. बरोज वेलकम कंपनीची औषधे आपल्या जुन्या घरांना अपरिचित नव्हती. माझे वडील दरबारी गवई. त्यांच्या पानाच्या तबकात त्या कंपनीची एक रिकामी डबी सुपारीसाठी कायम असे.

वेलकम यांचा जन्म १८५३ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिन प्रांतातील ओंडक्यांच्या घरात झाला. बालपण मिनेसोटात गेले. तेथे काकांच्या औषधाच्या दुकानात ते धंदा शिकले. सोळाव्या वर्षीच त्यांनी अदृश्य शाई तयार करून जाहिरात देऊन विकली! १८८० मध्ये लंडनला येऊन सायलस बरोज यांच्याशी त्यांनी भागीदारी केली. ‘टॅब्लॉइड’ हा शब्द १८८४ साली त्यांनीच आपल्या गोळ्यांसाठी नोंदविला. वर्तमानपत्रांकडे तो पुढे गेला. १८९५ मध्ये बरोज वारले व सारा कारभार वेलकम यांच्या हाती आला.

पैसा आला तसा संग्रहाचा नाद वाढला. जगभर त्यांचे हस्तक फिरत. आपल्या देशात डॉ. पैरा मल यांनी त्यांच्यासाठी संस्कृत हस्तलिखिते मिळविली. वस्तूंची संख्या दहा लाखांवर गेली. एवढा संचय नीट पाहायला तरी त्यांना केव्हा सवड मिळाली असेल, असे मनात येते.

१९१० साली सुदानमध्ये, निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या दुआबात, जेबेल मोया येथे त्यांनी उत्खनन आरंभिले. हजारो मजूर कामाला लागले. डोंगरांमधल्या खोऱ्यात जुनी वस्ती आणि विस्तीर्ण दफनभूमी होती. सुमारे तीन हजार सांगाडे तेथे निघाले. उत्खननाची खोच अशी की, एक थर पाहण्यासाठी त्याच्या वरचा थर नाहीसा करावा लागतो. कागदाचे पान उलटून मागे येता येते, मातीचे नाही. म्हणून वेलकम यांनी पेटीच्या आकाराचे मोठे पतंग चढवून त्यांना कॅमेरे टांगले व चरांची छायाचित्रे वरून घेतली. पतंगावरून छायाचित्र काढण्याची युक्ती नवी नव्हती. फ्रान्समध्ये आर्थर बातू यांनी १८८८ साली ती साधली होती, त्यांच्या कॅमेऱ्याची झडप जळत्या वातीने सुटे. पण उत्खननाच्या कामी ती राबविणाऱ्यांत वेलकम अग्रणी होत.

तंबोरा जुळविण्यात जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला यातले कठीण कोठे आहे ते लगेच कळते. दोरीचा ताण क्षणभर ढळला की कॅमेरा डोलतो आणि चित्र पुसट येते. वारा तर कोणाच्या हुकमातला नाही.

माझे आजोळ आदिलाबादचे. तेथून पैनगंगा ओलांडून विदर्भात शिरले व नागपूरजवळच्या जुनापाणीपर्यंत गेले की महापाषाणकालीन शिलावर्तुळे दिसतात. ‘दिसतात’ म्हणायचे इतकेच. धोंड्यांमधून चालणाऱ्याला समोरचे चार दगड दिसतात, सगळी वर्तुळे एकमेकांजवळ कशी मांडली आहेत हे वरूनच उमगते. आता ड्रोनने हे सहज साधते, तरी हलक्या वाऱ्याच्या दिवशी पतंग आजही स्वस्त पडतो.

१९१४ च्या महायुद्धाने जेबेल मोयाचे काम थांबले. पुन्हा सुरू करण्याची उमेद वेलकम यांनी सोडली नाही, पण योग आला नाही. १९३२ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला; १९३६ च्या जुलैत ते लंडनला निवर्तले. मृत्युपत्रान्वये कंपनी वैद्यकीय संशोधनाच्या न्यासाकडे गेली, तर संग्रहातील असंख्य वस्तू पुढे निरनिराळ्या संग्रहालयांत वाटल्या गेल्या. उत्खननाचा वृत्तान्त फ्रँक ॲडिसन यांनी सिद्ध केला. तो १९४९ साली, म्हणजे फावडी थांबल्यावर पस्तीस वर्षांनी, छापून निघाला. खोदलेली माती तोवर केव्हाच विस्कटली होती. ती जागेवर कशी होती याच्या साक्षीदारांत ती पतंगावरची छायाचित्रेही होती.