थेऊरचा श्रीचिंतामणी आणि थोरले माधवराव पेशवे

अष्टविनायकांपैकी थेऊर क्षेत्री श्रीचिंतामणीचे दर्शन घेणाऱ्या भाविकांस तेथील लाकडी सभामंडप परिचित आहे. तो श्रीमंत माधवराव पेशव्यांनी बांधविला. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपणा मराठी मंडळींस त्यांचे स्मरण आणखी एका कारणाने असावे. होळकरांच्या दौलतीचा कारभार पुण्यश्लोक अहल्याबाईंकडेच राहावा, हा निर्णय १७६७ साली त्यांनी दिला. महादजी शिंद्यांस सरदारीही त्यांच्याच कारकिर्दीत मिळाली.

तारुण्यात मनुष्यास मृत्यू ही इतरांची गोष्ट वाटते. १७४५ साली जन्मलेल्या माधवरावांस ती सवड मिळाली नाही. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर वडीलबंधू विश्वासराव आणि चुलते सदाशिवरावभाऊ पडले. जूनमध्ये वडील नानासाहेब गेले. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे अंगावर आली. तरीही स्वतःच्या देहाची काळजी त्यांनी कोणत्याही तरुणासारखीच, म्हणजे फारशी केली नाही, असे आम्हांस वाटते. १७६३ साली राक्षसभुवनी निजामाचा पराभव केला. पुढे हैदरावर कर्नाटकात स्वाऱ्यामागून स्वाऱ्या झाल्या. १७७० च्या स्वारीतून मात्र दुखण्यामुळे त्यांना माघारी यावे लागले. रोग राजयक्ष्मा होता आणि त्या काळी त्यावर उपाय नव्हता.

अखेरचे दिवस त्यांनी थेऊरास श्रींच्या सन्निध काढले. कारभार सुटला नाही. जानेवारी १७७२ मध्ये मराठी फौजांच्या बळावर बादशहा शाहआलम दिल्लीत परतला, तेव्हा पेशवे अंथरुणास खिळत चालले होते. मृत्यूपूर्वी त्यांनी नऊ कलमांची यादी करविली. तीत कर्जफेडीची चिंता ठळक आहे. सत्ताविसाव्या वर्षी, पोटी संतान नसता, सावकारांचे देणे आपल्यामागे राहू नये एवढी जाण फार थोड्यांस असते!

एक गोष्ट मात्र यादीने साधणारी नव्हती. धाकटे बंधू नारायणराव अवघे सतरा वर्षांचे होते. ज्या रघुनाथरावांस १७६८ साली पराभूत करून कैदेत ठेवावे लागले, त्याच काकांच्या हाती त्यांना सोपवावे लागले.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव निवर्तले. तरुण रमाबाई सती गेल्या. त्या प्रथेचा गौरव आम्ही करीत नाही; एका दुखण्याने दोन तरुण जीव गेले, एवढेच नोंदवितो. मुळा-मुठेच्या काठी त्यांचे स्मारक आहे. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. कटात काकांचा हात होता.