गर्भ राखणारा टाका : डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

शस्त्रक्रियेतील टाका बहुधा सुरीने उघडलेले मिटवण्यासाठी असतो. पोटावरील शस्त्रक्रिया आटोपल्यावर स्नायूंवरील चिवट आवरण आणि त्वचा सांधली, की शल्यविशारदाचे काम संपते. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव जगभर ज्या टाक्याला मिळाले, तो मात्र जखमेसाठी नव्हताच. अवेळी उघडू पाहणारे गर्भाशयाचे मुख तो मिटून धरीत असे.

गोव्यातील शिरोडा या गावी 1899 मध्ये त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1923 मध्ये ते एम.बी.बी.एस. आणि 1927 मध्ये एम.डी. झाले. 1931 मध्ये इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. मिळवून ते परतले आणि पुढे त्याच महाविद्यालयात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

काही स्त्रियांचा गर्भ दर खेपेस चौथ्या ते सातव्या महिन्यात पडतो. विश्रांती, संप्रेरके, कशाचाच उपयोग होत नाही. घरात बोल मात्र तिलाच लागतो. अशा स्त्रिया वारंवार तपासून शिरोडकरांनी दोष नेमका हेरला. गर्भाशयमुखाचा आतला, वरचा भाग दुबळा असल्याने वाढत्या गर्भाचा भार त्याला पेलवत नव्हता. म्हणून टाकाही तिथेच, उंचावर हवा होता. योनिमार्गाने छेद घेऊन ते मूत्राशय वर सारीत आणि रुग्णेच्याच मांडीतील स्नायूंवरील चिवट आवरणाची अरुंद पट्टी मुखाभोवती फिरवून बांधीत. सुती किंवा रेशमी धागा मऊ ऊतीला कापत जाण्याची भीती असते. शरीराचीच पट्टी त्यात रुजते. पुढे तिची जागा कृत्रिम फितीने घेतली. दिवस भरले की टाका सोडायचा किंवा सिझेरियन करायचे.

ही पद्धत 1955 मध्ये मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या मासिकात अवघ्या दोन पानांत छापून आली. दोनच वर्षांनी मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड यांनी बटव्याची नाडी ओढावी तसा सोपा टाका सुचवला आणि सोपेपणामुळे तोच अधिक रूढ झाला. टाका कोणाला घालावा, हा वाद पुष्कळ चालला. 1292 स्त्रियांवरील 1993 च्या चाचणीत सुमारे 25 पैकी एकीलाच लाभ दिसला. ज्यांचे तीन वा अधिक गर्भ अवेळी गेले होते, त्यांच्यात तो स्पष्ट होता. मूळ निवडीतील शिरोडकरांचा काटेकोरपणा त्यामुळे अधिकच डोळ्यांत भरतो. खालून घातलेला टाका निष्फळ ठरल्यास आता पोट उघडून वा दुर्बिणीने तो आणखी वर घालतात.

अंग बाहेर येण्याच्या विकारात गर्भाशय न काढता, पोटातून पट्टीने माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला टांगून ठेवण्याची शस्त्रक्रियाही त्यांचीच. मूल हवे असलेल्या तरुणींसाठी ती योजलेली होती.

भारत सरकारने त्यांना 1960 मध्ये पद्मभूषण आणि 1971 मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविले. त्याच वर्षी 7 मार्च रोजी त्यांचे निधन झाले.