गोपाळ गणेश आगरकर

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू या गावी झाला. अत्यंत गरिबीत शिकून ते एम. ए. झाले व १८८१ साली ‘केसरी’चे पहिले संपादक बनले. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याची पत्रे हाती आली, तेव्हा ती खरी मानून आगरकर व टिळक यांनी तेथील कारभाऱ्यांवर कठोर टीका केली. पत्रे बनावट ठरली! १८८२ साली दोघांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. हेतू शुद्ध होता. परंतु खोट्या बातमीवर उभारलेले मत टिकले नाही. पुढे मतभेदामुळे ‘केसरी’ सोडून १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि त्यात स्वतःची मते निर्भयपणे मांडली. १८९५ साली ते निवर्तले. बातमी पुराव्याने पारखावी, मत विचाराने तोलावे, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय.